मृताचा हात आणि नगराची गरज : नगर-प्रतिष्ठानांच्या इतिहासातील एक प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

दानधर्माचा इतिहास सामान्यतः दात्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी किती दिले, कोणत्या हेतूने दिले, त्या द्रव्यातून कोणती विद्यालये, रुग्णालये वा धर्मशाळा उभ्या राहिल्या, याची नोंद झाली म्हणजे इतिहासकाराचे कार्य संपले असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु दानाच्या कसोटीचा काळ दात्याच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. दाता जातो, त्याचे मृत्युपत्र राहते; ज्या समाजासाठी त्याने द्रव्य ठेवले तो समाज मात्र बदलत जातो. एका पिढीला जी गरज अत्यंत निकडीची वाटली ती तिसऱ्या पिढीत नाहीशी होते, आणि जिची कल्पनाही दात्याला करता आली नसती अशी नवी गरज तिच्या जागी उत्पन्न होते. अशा वेळी ते द्रव्य दात्याच्या इच्छेने खर्च व्हावे, विश्वस्तांच्या, न्यायालयाच्या, की त्या नगरात आज राहणाऱ्या लोकांच्या, हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. नागरी जीवनाच्या घडणीशी त्याचा निकटचा संबंध येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उदयास आलेल्या 'कम्युनिटी फाउंडेशन' या संस्थाप्रकाराचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला दिलेल्या एका विशिष्ट उत्तराचा इतिहास होय.

प्रस्तुत निबंधात या संस्थाप्रकारासाठी 'नगर-प्रतिष्ठान' ही संज्ञा योजिली आहे. तिची कारणे शेवटच्या विभागात येतील. या प्रकाराची लक्षणे तीन. एकाच नगरातील वा परिसरातील अनेक दात्यांच्या लहानमोठ्या रकमा एका कायम निधीत एकत्र येतात, हे पहिले. निधीची राखण एका संस्थेकडे असते आणि त्याच्या उत्पन्नाच्या वाटपाचा निर्णय नागरिकांच्या निराळ्या समितीकडे असतो, हे दुसरे. दात्याने नेमून दिलेला हेतू कालांतराने निरर्थक झाल्यास तो बदलण्याचा अधिकार त्या समितीस प्रारंभीच दिलेला असतो, हे तिसरे. यांपैकी पहिल्या लक्षणाची चर्चा पुष्कळ होते. परंतु या संस्थेचे ऐतिहासिक महत्त्व तिसऱ्या लक्षणात आहे, आणि त्या अधिकाराची प्रतिष्ठा दुसऱ्या लक्षणावर, म्हणजे निर्णय घेणारी समिती कोणाची आहे यावर, अवलंबून राहिली आहे.

२. 'मृतहस्त' या संज्ञेची वाटचाल

इंग्लंडच्या कायद्यातील 'मॉर्टमेन' हा शब्द 'मृत हात' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून आला. आरंभी त्याचा संबंध धर्मसंस्थांच्या जमिनींशी होता. व्यक्ती मरते, तिच्या जमिनीवर वारस येतो, आणि अशा प्रत्येक प्रसंगी वरिष्ठ सरदारास वा राजास हक्काचे देणे मिळते. मठ मात्र मरत नाही. त्यामुळे मठाच्या हाती गेलेली जमीन या व्यवहारातून कायमची निघून जाते. पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दीत १२७९ साली झालेल्या कायद्याने अशा हस्तांतरास प्रतिबंध केला. म्हणजे मूळ तक्रार राजाच्या उत्पन्नाची होती. लोकांच्या गरजांचा विचार तीत नव्हता.

एकोणिसाव्या शतकात याच शब्दाला निराळा अर्थ चिकटला. 'मृत हात' म्हणजे मेलेल्या दात्याच्या इच्छेने जिवंत पिढीवर ठेवलेली पकड. या अर्थाने त्याचा पुरस्कार करणाऱ्यांत सर आर्थर हॉबहाउस हे प्रमुख होते. इंग्लंडमधील धर्मादाय आयुक्त म्हणून काम करताना जुन्या देणग्यांची अवस्था त्यांनी जवळून पाहिली होती. पुढे १८७२ ते १८७७ या काळात हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलच्या मंडळात ते कायदेविषयक सदस्य होते. या विषयावरील त्यांच्या व्याख्यानांचा संग्रह 'द डेड हँड' या नावाने १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूनंतर आपल्या संपत्तीचा विनियोग कायमचा ठरवून ठेवण्याचा अमर्याद अधिकार कोणासही असू नये, आणि सार्वजनिक देणग्यांची वेळोवेळी पुनर्रचना करणारी यंत्रणा राज्यात असावी, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

अमेरिकेत या प्रश्नाची दोन उदाहरणे वारंवार दिली जात. १७९० मध्ये निवर्तलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन नगरांस प्रत्येकी १,००० पौंड ठेवले होते. उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण विवाहित कारागिरांस धंदा उभारण्यासाठी त्या रकमेतून व्याजी कर्जे द्यावीत आणि हा निधी दोन शतके वाढवीत न्यावा, अशी त्यांची योजना होती. परंतु कारखान्यांचे युग आले, उमेदवारीची पद्धत मागे पडली आणि अटींत बसणारे कर्जदार मिळणे कठीण झाले. दुसरे उदाहरण सेंट लुई येथील ब्रायन मुलॅन्फी यांचे. १८५१ मध्ये मृत्यू पावलेल्या या माजी नगराध्यक्षांनी आपल्या संपत्तीचा एक तृतीयांश भाग, पश्चिमेकडे वस्ती करण्यास जाताना सेंट लुईत येणाऱ्या गरजू स्थलांतरितांसाठी ठेवला. त्या काळी अशा प्रवाशांचे तांडेच्या तांडे त्या नगरातून जात होते. लोहमार्ग झाले, पश्चिमेची वसाहत पूर्ण झाली, आणि निधी राहिला पण ज्यांच्यासाठी तो होता ते प्रवासी राहिले नाहीत.

या दोन्ही दात्यांस अदूरदर्शी म्हणता येणार नाही. दोघांनीही आपल्या काळातील खरी गरज ओळखली होती. दोष होता तो गरजेला कायमस्वरूपी मानण्यात. यावर कायद्याने काढलेला उपाय 'सी-प्रे' या नावाने ओळखला जातो. या नॉर्मन-फ्रेंच शब्दाचा आशय 'शक्य तितके जवळ' असा आहे. दात्याचा हेतू पार पाडणे अशक्य झाल्यास त्याच्या जवळात जवळचा हेतू ठरवून देण्याची मुभा न्यायालयास असते. परंतु ही मुभा हेतू अशक्य ठरेपर्यंत मिळत नाही. तो केवळ निरुपयोगी झाला एवढ्यावर ती मिळणे दुर्घट असते. शिवाय 'जवळचा' या शब्दामुळे न्यायालयाची दृष्टी आजच्या गरजेकडे न वळता दात्याच्या मनाकडेच वळलेली राहते.

३. क्लीव्हलंडची योजना

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड हे नगर १९१० च्या शिरगणतीनुसार ५,६०,६६३ वस्तीचे, अमेरिकेत सहाव्या क्रमांकाचे होते. पोलाद, तेल आणि जहाजवाहतूक यांवर वाढलेल्या या नगरात युरोपातून आलेल्या मजुरांची वस्ती फार मोठी होती. येथील नागरी जीवनात सुधारणेचे वारे जोरात वाहत होते. १९०१ ते १९०९ या काळात टॉम जॉन्सन यांच्यासारखा सुधारक नगराध्यक्ष येथे होऊन गेला. १९१३ मध्ये निरनिराळ्या धर्मादाय संस्थांसाठी एकत्रित वर्गणी गोळा करणारा संघ येथे स्थापन झाला. ही वर्गणी दर वर्षी जमवावयाची आणि त्याच वर्षी वाटावयाची होती. कायम निधीचा प्रश्न तिने सुटत नव्हता.

हा प्रश्न हाती घेणारे फ्रेडरिक हॅरिस गॉफ हे वकील होते आणि १९०८ पासून क्लीव्हलंड ट्रस्ट कंपनी या पेढीचे अध्यक्ष होते. लोकांची मृत्युपत्रे आणि विश्वस्त निधी सांभाळणे हा अशा पेढीचा व्यवसायच. त्यामुळे कालबाह्य अटींनी जखडलेल्या निधींची त्यांना प्रत्यक्ष माहिती होती. त्यांच्या प्रेरणेने २ जानेवारी १९१४ रोजी पेढीच्या संचालक मंडळाने एक ठराव केला आणि त्या ठरावाने क्लीव्हलंड फाउंडेशन अस्तित्वात आले. जगातील पहिले नगर-प्रतिष्ठान म्हणून त्याची गणना होते.

ठरावाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. निधीची राखण व गुंतवणूक पेढीकडे राहावयाची होती. उत्पन्नाच्या वाटपासाठी पाच जणांची समिती नेमावयाची होती. त्यांपैकी दोघांची निवड पेढीच्या संचालकांनी, एकाची नगराध्यक्षाने, एकाची संघराज्याच्या जिल्हा न्यायालयातील ज्येष्ठ न्यायाधीशाने आणि एकाची परगण्याच्या मृत्युपत्र-न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशाने करावयाची होती. म्हणजे पाचांपैकी तिघांची नेमणूक सार्वजनिक अधिकारपदावरील व्यक्तींकडे गेली आणि पेढीचे बहुमत होण्याचा मार्ग बंद झाला. सभासद नगरात राहणारे असावेत, नगराच्या गरजांची त्यांना माहिती असावी, ते स्त्री वा पुरुष कोणीही असू शकतील, एकाच धर्मपंथाचे दोहोंपेक्षा अधिक सभासद असू नयेत, आणि राजकीय पद धारण करणारा वा त्याची इच्छा धरणारा मनुष्य समितीवर येऊ नये, अशा अटी होत्या. निधीचा लाभ वंश, वर्ण वा धर्ममत यांचा विचार न करता नगरवासीयांस मिळावा, असेही नमूद केले होते. दात्याने विशिष्ट हेतू सांगितला असल्यास तो पाळावयाचा; मात्र बदलत्या परिस्थितीत तो अनावश्यक वा अव्यवहार्य ठरल्यास समितीने उत्पन्न अन्य कार्याकडे वळवावे.

या योजनेत पूर्वी एकाच मृत्युपत्रात एकवटलेल्या तीन गोष्टींची फारकत झाली. द्रव्य देणे दात्याकडे राहिले, द्रव्य राखणे पेढीकडे गेले आणि द्रव्य कोठे खर्च करावे हे ठरविणे नागरिकांच्या समितीकडे आले. 'सी-प्रे'च्या सिद्धांतात हेतू बदलणे हा अपवाद होता. गॉफ यांच्या ठरावात तो दानाच्या मूळ कराराचाच भाग झाला. दाता देतानाच असे म्हणत होता की, आपल्या मागून येणारे लोक आपल्यापेक्षा आपल्या काळाची गरज अधिक जाणतील. दानाच्या इतिहासात ही नम्रता नवी होती.

४. देण्यापूर्वी जाणणे

मृत्युपत्रांनी दिलेला निधी दात्यांच्या मृत्यूनंतरच हाती यावयाचा असल्याने पहिल्या काही वर्षांत प्रतिष्ठानापाशी वाटण्याजोगे द्रव्य फार थोडे होते. या अडचणीतून एक महत्त्वाचा पायंडा पडला. वाटण्यापूर्वी नगराची स्थिती जाणून घ्यावी, या उद्देशाने प्रतिष्ठानाने पाहण्यांचे काम हाती घेतले. शासकीय व खाजगी मदतकार्याच्या पाहणीनंतर लेनर्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली १९१५-१६ मध्ये नगरातील शिक्षणाची पाहणी झाली आणि तिचा अहवाल पंचवीस भागांत प्रसिद्ध झाला. प्रत्येक भाग भोजनोत्तर जाहीर बैठकीत नागरिकांपुढे ठेवला जात असे आणि वृत्तपत्रांतून त्यावर चर्चा होत असे. शाळांची मंडळी, पालक व करदाते यांना आपल्या शाळांविषयीचे निष्कर्ष एकाच वेळी ऐकावे लागत. त्यामुळे अहवाल कपाटात पडून राहण्याचा संभव कमी होई.

यापेक्षाही धाडसाचे काम फौजदारी न्यायव्यवस्थेच्या पाहणीचे होते. १९२० मध्ये नगर-न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाचेच नाव एका खुनाच्या प्रकरणात गोवले गेले. १९२१ मध्ये त्याला खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरविण्यात आले. या प्रकरणाने नगराचा न्यायव्यवस्थेवरील विश्वास डळमळला. प्रतिष्ठानाने हार्वर्ड विद्यापीठातील रॉस्को पाउंड व फेलिक्स फ्रँकफर्टर या कायदेपंडितांकडे पाहणी सोपविली. पोलीस, सरकारी अभियोक्ते, न्यायालये, तुरुंग, वैद्यकीय तपास आणि कायद्याचे शिक्षण यांचा परामर्श घेणारा हा अहवाल १९२२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

या अहवालातील वृत्तपत्रांवरील प्रकरण आजही वाचनीय आहे. जानेवारी १९१९ या एका महिन्यात क्लीव्हलंडच्या वृत्तपत्रांनी गुन्ह्यांच्या बातम्यांना दिलेली जागा तीत इंचांनी मोजलेली आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ही जागा ९२५ इंच होती. दुसऱ्या पंधरवड्यात ती ६,६४२ इंच झाली. नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या मात्र ३४५ वरून ३६३ एवढीच वाढली होती. 'गुन्हेगारीची लाट' म्हणून ज्या गोष्टीने नगर भयभीत झाले होते ती मुख्यतः छापील ओळींची लाट होती. असे सत्य उघडपणे मांडणे वृत्तपत्रांच्या मालकांस, पोलिसांस वा निवडणूक लढविणाऱ्या अभियोक्त्यांस परवडणारे नव्हते. ज्या संस्थेस मते मागावयाची नव्हती आणि अंक विकावयाचे नव्हते तिलाच ते शक्य होते. नागरी जीवनातील नगर-प्रतिष्ठानाच्या स्थानाचे मर्म येथे दिसते. शासन आणि बाजार या दोहोंपासून थोड्या अंतरावर उभे राहून नगराला त्याचे स्वतःचे चित्र दाखविण्याचे कार्य तिने केले.

५. प्रसार आणि त्यामागील हेतू

क्लीव्हलंडचा कित्ता अन्य नगरांनी त्वरेने गिरविला. १९१५ मध्ये शिकागो व बोस्टन येथे, १९१६ मध्ये इंडियानापोलिस येथे आणि १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अशी प्रतिष्ठाने कार्य करू लागली. या प्रसारामागे केवळ परोपकारबुद्धी होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. नगराच्या निधीची राखण ज्या पेढीकडे जाईल तिला शुल्क, ठेवी आणि प्रतिष्ठा या तिन्हींचा लाभ होता. म्हणूनच एका पेढीच्या प्रतिष्ठानाकडे दुसऱ्या पेढीचे ग्राहक वळत नसत. इंडियानापोलिस येथे एकाहून अधिक पेढ्यांनी मिळून निधी सांभाळण्याची पद्धत स्वीकारली गेली, ती या अडचणीवरील तोड म्हणून. तिचा परिणाम असा झाला की, प्रतिष्ठान पेढीचे न राहता नगराचे होऊ लागले.

अमेरिकेबाहेरील पहिले नगर-प्रतिष्ठान कॅनडातील विनिपेग येथे १९२१ मध्ये स्थापन झाले. विल्यम फोर्ब्स ऑलोवे या सावकाराने त्यासाठी १,००,००० डॉलर दिले. १९२४ मध्ये दुसरी देणगी आली. एका पाकिटात प्रत्येकी पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी होती आणि त्यावर बायबलमधील कथेची आठवण देणारे 'विधवेचे दान' असे शब्द लिहिलेले होते. दात्रीने आपले नाव कळविले नव्हते. प्रतिष्ठानाच्या वहीत पहिली नोंद एक लाखाची आणि दुसरी पंधरा डॉलरांची आहे. १५ डॉलरांचा स्वतंत्र विश्वस्त निधी करणे कोणासही शक्य नव्हते. एकत्रित निधीमुळेच त्या अनामिकेचे द्रव्य धनिकाच्या द्रव्याशेजारी कायमचे उभे राहू शकले. तथापि देण्यात आलेली ही समानता ठरविण्यातही आली काय, हा प्रश्न उरतोच.

६. जिवंत हात कोणाचा ?

मृत हाताची पकड सैल करणे का आवश्यक होते हे फिलाडेल्फिया येथील जिरार्ड कॉलेजच्या इतिहासावरून कळून येते. १८३१ मध्ये निवर्तलेल्या स्टीफन जिरार्ड या व्यापाऱ्याने गरीब, गोऱ्या, पोरक्या मुलग्यांसाठी ही निवासी शाळा ठेवली होती. विसाव्या शतकाच्या मध्यास या संस्थेच्या भिंतीबाहेर कृष्णवर्णीयांची दाट वस्ती झाली. मात्र त्या वस्तीतील मुलांना तिचे दार बंद होते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगराच्या मंडळाकडून चालविल्या जाणाऱ्या या संस्थेतील भेदभाव घटनाबाह्य ठरविला, तेव्हा नगराच्या मंडळाऐवजी खाजगी विश्वस्त नेमून मृत्युपत्रातील अट टिकविण्यात आली. प्रदीर्घ निदर्शने व आणखी न्यायालयीन लढे झाल्यावर १९६८ मध्ये कृष्णवर्णीय मुलांस प्रथम प्रवेश मिळाला. एका मनुष्याच्या शब्दातून बाहेर पडण्यास नगराला चौदा वर्षे झगडावे लागले.

नगर-प्रतिष्ठानाच्या रचनेत असा पेच सहसा निर्माण होत नाही, कारण हेतू बदलण्याचा अधिकार समितीस असतो. परंतु अधिकार असणे आणि तो वापरण्याची दृष्टी असणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेतील प्रतिष्ठानांच्या समित्यांवर दीर्घकाळ पेढ्यांचे संचालक, वकील व उद्योगपती यांचाच भरणा राहिला. एकाच पंथाचे दोहोंहून अधिक सभासद नकोत ही क्लीव्हलंडची अट त्या काळच्या पंथभेदांस अनुलक्षून होती. वर्णभेदाविषयी वा मजूरवर्गाच्या प्रतिनिधित्वाविषयी तीत काही नव्हते. लाभ सर्वांस द्यावा असे ठरावात होते. निर्णयात सर्वांस घ्यावे असे नव्हते. जुलै १९६६ मध्ये क्लीव्हलंडच्या हफ भागात दंगल उसळली, तेव्हा नगराच्या एका मोठ्या भागाचे दुःख वाटपाच्या कोष्टकात कितपत उमटले होते, हा प्रश्न तेथील प्रतिष्ठानासही टाळता येण्यासारखा नव्हता.

१९६९ च्या अमेरिकन कर-सुधारणा कायद्याने या संस्थांच्या इतिहासास नवे वळण दिले. एका व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या संपत्तीवर उभी असलेली खाजगी प्रतिष्ठाने आणि व्यापक लोकाश्रयावर चालणाऱ्या सार्वजनिक संस्था यांत त्या कायद्याने स्पष्ट भेद केला. खाजगी प्रतिष्ठानांवर कडक बंधने घातली गेली. सार्वजनिक संस्थांस अधिक सवलती मिळाल्या. नगर-प्रतिष्ठाने दुसऱ्या वर्गात मोडत असल्याने त्यांना नवे दाते सतत मिळवीत राहणे आवश्यक झाले आणि त्यांची संख्या व निधी झपाट्याने वाढले.

या वाढीबरोबर एक निराळी प्रवृत्तीही बळावली. न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठानात १९३१ मध्ये असा एक निधी स्थापन झाला होता की, ज्याच्या वाटपाबाबत दात्याने आपल्या हयातीत सल्ला देत राहावा. कायद्याच्या दृष्टीने हा केवळ सल्लाच; अंतिम निर्णय प्रतिष्ठानाचा. व्यवहारात मात्र तो सल्ला बहुधा मानला जातो. अशा 'दाता-सल्ला निधीं'चा वाटा पुढे फार वाढला. १९९१ मध्ये फिडेलिटी या गुंतवणूक व्यवसायातील मोठ्या कंपनीने असे निधी सांभाळण्यासाठी धर्मादाय संस्था काढली. तिला कोणत्याही नगराशी बांधून घेण्याचे कारण नव्हते. या स्पर्धेत नगर-प्रतिष्ठानांसही दात्यांची मर्जी राखणे भाग पडले. १९१४ मध्ये मृत दात्याचा हात बाजूला सारून निर्णय नागरिकांच्या समितीकडे आणला गेला. पुढील काळात जिवंत दात्याचा हात त्याच जागी हळूहळू परत आला. यात करसवलत घेतलेले द्रव्य असल्याने हा केवळ दात्याचा खाजगी प्रश्न उरत नाही.

तरीही सार्वजनिक संकटाच्या वेळी या संस्थेची जुनी शक्ती प्रकट होते. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट नगराने दिवाळखोरीचा अर्ज केला. नगराच्या निवृत्त नोकरांची निवृत्तिवेतने आणि नगराच्या मालकीच्या कलासंग्रहालयातील अमूल्य चित्रे यांपैकी एक वाचवावयाचे तर दुसरे गमवावे लागेल, असा प्रसंग आला. प्रतिष्ठाने, मिशिगन राज्य आणि संग्रहालय यांनी मिळून सुमारे ८१.६ कोटी डॉलरांची तरतूद केली. तिच्यामुळे निवृत्तिवेतनांतील कपात कमी झाली आणि संग्रह नगरातच राहिला. सहभागी प्रतिष्ठानांत आग्नेय मिशिगनचे नगर-प्रतिष्ठान होते. इतर प्रतिष्ठानांचे हप्ते वर्षानुवर्षे पोहोचविणारी यंत्रणा त्याच्याच आश्रयाने उभी राहिली. नगराचे लोकनियुक्त शासन हतबल झाले असताना लोकनियुक्त नसलेल्या संस्थांनी हा तोडगा सिद्ध केला. त्याचे मोल मान्य करूनही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, अशा संस्थांना मतदार जाब विचारू शकत नाहीत. म्हणून जाब देण्याची अन्य रीत त्यांना स्वतःच घडवावी लागते.

७. संज्ञेचा प्रश्न आणि महाराष्ट्र

येथे पुन्हा संज्ञेकडे वळणे आवश्यक आहे. इंग्रजीतील 'कम्युनिटी' या शब्दात एका ठिकाणी राहणारे लोक असाही अर्थ आहे आणि धर्म, वंश वा आचार यांनी बांधलेला गट असाही आहे. क्लीव्हलंडच्या ठरावात पहिला अर्थ अभिप्रेत होता. पंथांविषयीची अट त्याचीच साक्ष देते. मुंबईच्या इंग्रजीत मात्र हा शब्द दुसऱ्याच अर्थाने रूढ झाला. पारशी, भाटिया, बोहरा अशा ज्या 'कम्युनिटीज', त्यांनी आपापल्या लोकांसाठी काढलेल्या धर्मादाय निधींवर त्या नगराच्या दानपरंपरेचा मोठा भाग उभा आहे. मराठीतील 'समाज' शब्दाचीही हीच गत आहे. 'आमच्या समाजाचे वसतिगृह' या वाक्यात 'समाज' म्हणजे जात हे कोणास सांगावे लागत नाही. कोल्हापुरात १९०१ पासून शाहू छत्रपतींच्या आश्रयाने निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेली वसतिगृहे हे या अर्थाचे उपकारक उदाहरण होय. ज्यांना शिक्षणाची दारे बंद होती त्यांना त्यांनी ती उघडून दिली. तथापि या रचनेत दानाचा वर्तुळ-परीघ ठिकाणाने न ठरता जन्माने ठरतो. 'समाज-प्रतिष्ठान' असा शब्द योजल्यास वाचक नकळत या दुसऱ्या अर्थाकडे ओढला जाईल, म्हणून येथे 'नगर' हे पद घेतले आहे.

'पब्लिक' या अर्थाचा 'सार्वजनिक' हा शब्द महाराष्ट्राला १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने विशेष परिचित करून दिला. त्या सभेचा एक नियम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. लोकांच्या वतीने बोलणाऱ्याने लोकांकडून अधिकार घेतला पाहिजे, ही जाणीव त्या नियमामागे होती. क्लीव्हलंडच्या समितीस तिचा अधिकार न्यायाधीश, नगराध्यक्ष आणि पेढी यांच्याकडून मिळाला. सार्वजनिक सभेने तो निदान तत्त्वतः खालून घेतला. हे दोन मार्ग शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पहिल्या मार्गाची मर्यादा स्पष्ट होते.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये झाला. त्यास पुढे महाराष्ट्राचे नाव मिळाले. या कायद्याने धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले आणि 'सी-प्रे'च्या तत्त्वास स्थान दिले. पण हेतू बदलण्याचा अधिकार न्यायालयाकडे ठेवला. रतिलाल पानाचंद गांधी यांच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना केवळ लोकहिताच्या दृष्टीने इष्ट नाही एवढ्या कारणावरून धार्मिक निधी अन्यत्र वळविता येणार नाही. दात्याच्या श्रद्धेचे संरक्षण म्हणून या निर्णयाचे महत्त्व निर्विवाद आहे. त्याबरोबर हेही खरे की, दान देतेवेळीच बदलाची संमती घेतलेली असेल तर असा संघर्ष उद्भवण्याचे कारण उरत नाही. १९९१ मध्ये मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट स्थापन झाला. भारतातील नगर-प्रतिष्ठानांच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याचा उल्लेख होतो. त्याच्या नावातील 'कम्युनिटी' शब्दाचा अर्थ संपूर्ण महानगर असा आहे. ज्या नगरात हा शब्द शतकभर जातिपंथांचा वाचक होता तेथे त्याचा असा उपयोग होणे ही शब्दार्थाच्या इतिहासातीलही एक घटना आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, नगर-प्रतिष्ठानाची मोठी देणगी द्रव्याची नसून दान पुन्हा तपासण्याच्या अधिकाराची आहे. हा अधिकार १९१४ पूर्वी न्यायालयाकडे अपवाद म्हणून होता. तो नागरिकांकडे नियम म्हणून आला. परंतु अधिकाराबरोबर जबाबदारीची दोन बंधने येतात. एक, निर्णय घेणाऱ्यांत नगराचे सर्व थर असले पाहिजेत. दोन, निर्णयापूर्वी नगराची पाहणी झाली पाहिजे आणि ती लोकांपुढे मांडली गेली पाहिजे. क्लीव्हलंडने दुसरे बंधन आरंभीच उत्तम प्रकारे पाळले. पहिले पाळण्यास तेथे व अन्यत्र फार विलंब झाला. जेथे ही दोन्ही बंधने सुटतात तेथे मृताच्या हाताची जागा दात्याचा वा त्याच्या सल्लागाराचा हात घेतो, आणि विनिपेगच्या त्या अनामिकेचे १५ डॉलर निधीत राहूनही निर्णयाबाहेर राहतात. नगर-प्रतिष्ठानांचा पुढील इतिहास लिहिताना निधी किती वाढला यापेक्षा या दोन बंधनांचे काय झाले, हे प्रथम पाहावे लागेल.